माझ्या माघारी ह्याचं कोण?

पिरनवाडीत आमच्या पलीकडच्या गल्लीत माझी आत्या राहते. तिचा मुलगा 34 वर्षांचा आहे. तो रोज सकाळी खानापूर रस्त्यावर उभा राहून बसगाड्या मोजतो आणि दहा झाल्या की घरी परततो. मोजणी चुकली तर दिवसभर घर डोक्यावर घेतो. त्याला बौद्धिक अक्षमता व स्वमग्नता असल्याची नोंद डॉक्टरांच्या कागदावर आहे. गेल्या दिवाळीत आत्या मला म्हणाली, "बाबा, तू कॉलेजात शिकतोस. माझ्या माघारी ह्याचं कोण बघणार, तेवढं शोधून काढ." प्रस्तुत लेख म्हणजे त्या शोधाचा हिशेब होय.

आपल्याकडे अशा मुलांविषयी थोडीफार कणव आहे; पण ही मुले मोठी होतात, हे आपण विसरतो. सरकारी बालगृहाचा नियम 18 वर्षांपर्यंतचा. पुढे काय? अमरावती जिल्ह्यातील वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी हाच प्रश्न लावून धरला. अनाथ दिव्यांग मुलांना त्यांनी आपले आडनाव दिले, 18 वर्षांनंतरही आश्रमातच ठेवून घेतले आणि अशांच्या आजीवन पुनर्वसनासाठी कायदा करा, अशी मागणी केली. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु प्रत्येक तालुक्यात शंकरबाबा कोठून आणायचे?

कायदे अगदीच नाहीत असे नव्हे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती अशा प्रौढ व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमू शकते. याच न्यासाने प्रौढांच्या कायम निवासासाठी 'घरौंदा' योजना आखली. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा तर सांगतो की, दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. अमुकच ठिकाणी राहा, अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही.

मग निवास चांगला की वाईट, हे ओळखायचे कसे? आम्ही एक संस्था पाहून आलो. फरशी लखलखीत, वह्या नीटनेटक्या. पण भिंतीला टेकून वीसेक माणसे नुसती बसलेली. सर्वांचे केस एकसारखे कापलेले, कपडे एकाच गठ्ठ्यातले. दुपारी चार वाजता एकाच्याही हाताला काम नव्हते. आत्या काही बोलली नाही. परतताना बसमध्ये तिने मुलाचा हात सोडला नाही.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जास्त पैसा म्हणजे चांगली सेवा, असा माझा समज होता. इंग्लंडमधील ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या रुग्णालयाने तो खोटा ठरवला. तेथे प्रत्येक रुग्णामागे आठवड्याला सरासरी 3,500 पौंड घेतले जात. 2011 मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने तेथील मारहाण उघड केली आणि पुढल्या वर्षी 11 कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली. एका परिचारकाने आधीच तक्रार केली होती. पण तपासणी यंत्रणेने तिची वेळीच दखल घेतली नव्हती. आपल्याकडेही 2010 मध्ये ठाणे जिल्ह्यातील कवडासच्या बालगृहातील मृत्यूंच्या बातम्यांची मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

म्हणून वाचकहो, अशी संस्था पाहायला गेलात तर इमारत मागाहून पाहा. आधी विचारा: नातेवाइकांना न कळवता येता येते का? रात्री किती माणसे जागी असतात? कर्मचारी किती वर्षे टिकून आहेत? स्वमग्न माणसाला रोज नवा चेहरा सोसत नाही. दात दुखतो हे त्याला सांगता येत नाही. तो डोके आपटतो. जुना सेवक दात तपासून घेतो, नवखा झोपेची गोळी मागतो. स्वतःचे कपाट, स्वतःचे कपडे, जमेल तसे काम आणि 'नको' म्हणण्याची मुभा आहे का, हेही पाहा.

आपल्या सीमाभागात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. माझ्या आतेभावाजवळ मोजून पन्नास-साठ शब्द आहेत आणि ते सारे मराठी. त्याचे 'पाणी' सेवकाला कळले नाही तर तो तहानलेलाच राहील. कागदपत्रे मी कन्नडमधून समजावून देऊ शकतो, त्याची तहान नाही. हा भाषेचा वाद नव्हे. कन्नड घरातल्या मुलालाही परभाषी संस्थेत हीच अडचण येईल.

आत्याचे अजून ठरलेले नाही. तिच्यानंतर पालकत्वासाठी मी अर्ज करावा, असे घरात बोलणे चालू आहे. पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्षानंतर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा असतो. तेवढे मला जमेल. पण सकाळी खानापूर रस्त्यावर दहा गाड्या होईपर्यंत त्याच्याशेजारी कोण उभे राहणार, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत नाही. गेल्या महिन्यापासून रविवारी मी उभा राहतो. तो आता माझ्याकडे बघून आकडा मोठ्याने म्हणतो.