ओटीतली वाटी आणि २३ किलो

बँकेत हयात गेल्यामुळे ताळा जुळेपर्यंत जागचं उठायचं नाही, ही खोड मला जडली आहे. मध्यंतरी मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं लंडनला निघालो, तेव्हा ती सगळी बॅगांवर चालवली. माणशी २३ किलो. त्यातला अर्धा किलो मी शिल्लक ठेवला, कारण घरचा काटा आणि विमानतळावरचा काटा यांचं एकमत होतंच असं नाही.

जड वस्तू चाकांच्या बाजूला, कपड्यांच्या सुरळ्या, मोजे बुटांत. हे कुणालाही जमतं. खरी परीक्षा कुठली वस्तू कुठल्या बॅगेत, याची. विळी, कात्री मोठ्या बॅगेत; पॉवर बँक मात्र हातातल्याच, कारण लिथियमची बॅटरी पेटलीच तर माणसांसमोर पेटलेली बरी. औषधं चिठ्ठीसकट हाताशी. २००६च्या ऑगस्टमध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला, आणि त्यातून १०० मिलिलिटरचा नियम जन्मला. आता ब्रिटनमधल्या काही विमानतळांवर नव्या यंत्रांमुळे तो सैल झाला आहे. पण आपण निघतो मुंबईहून. शिवाय मोजतात ती बाटली, आतलं तेल नव्हे. दोनशेच्या बाटलीत तळाशी चमचाभर असलं तरी ती बाद. त्यामुळे मालिशचं तेल, तूप, लोणचं मोठ्या बॅगेत गेलं. डिंकाचे लाडू स्टीलच्या डब्यातून काढून प्लॅस्टिकच्या डब्यात भरले. जाड धातूच्या आतलं क्ष-किरणांना नीट दिसत नाही, मग बॅग उघडायला लावतात. हिला ते पटलं नाही. स्टीलच्या डब्याशिवाय लाडू म्हणजे तिच्या मते बाजारचे.

एवढं करून, बॅगा दिल्यावर बोलावणं आलंच. हिच्या साड्यांच्या घडीत सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या निघाल्या. मुलीचं डोहाळजेवण राहून गेलं होतं. ओटी तरी आईच्या हातची हवी, म्हणून खण, हळकुंड, सुपारीबरोबर त्या ठेवलेल्या. माझ्या यादीत नव्हत्या. चेक-इनच्या सामानात सुकं खोबरं २०२२ पासून चालत नाही. त्यात तेल फार, कोंडलेल्या जागी ते आपोआप तापू शकतं.

"ओटीचं आहे हो," ही म्हणाली.

"मावशी, नियम आहे," तो पोरगेला अधिकारी म्हणाला. आवाजात गुर्मी नव्हती. मीही जन्मभर काउंटरच्या पलीकडे बसून पेन्शनच्या म्हाताऱ्यांना हेच वाक्य ऐकवलं होतं. बाजू घ्यावी म्हणून हिने माझ्याकडे पाहिलं. मी बॅगेची चेन लावत राहिलो. विमानात ती माझ्याशी जेवण येईपर्यंत बोलली नाही.

वेंब्लीतल्या एका दुकानात खोबरं मिळालं. हिने वाटी नाकाशी नेली, "खवट आहे," म्हणाली, आणि तीच मुलीच्या ओटीत घातली.