सायकलीची वाट

आमच्या शाळेच्या आवारांत पत्र्याची एक लांब पडवी होती. तिला आम्ही सायकलींची पागा म्हणत असूं. सन १९८० च्या सुमारास मी तेथें शिक्षक म्हणून रुजू झालों, तेव्हां त्या पागेंत चाक शिरकवावयास जागा मिळत नसे. उशिरां येणारीं मुलें आपल्या सायकली कुंपणाला टेकवून ठेवीत. मी निवृत्त झालों त्या वर्षीं तेथें मोजून ९ सायकली उभ्या असत. मुलांचीं घरें पूर्वीइतक्याच अंतरावर होतीं. मग सायकली गेल्या कोठें? या साध्या प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करूं.

पुणें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना सुटला कीं रस्ताभर सायकलींचा लोंढा वाहूं लागे. प्राध्यापक, कारकून, दूधवाला आणि विद्यार्थी हे सारे एकाच वाहनाचे स्वार असत. तासाच्या भाड्यानें सायकल देणारीं दुकानें गल्लोगल्लीं होतीं. रात्रीं दिवा नसला किंवा कोणास डबलसीट घेतलें तर पोलीस अडवी, इतका त्या वाहनाचा सरकारदरबारीं मान होता! पुढें शहर चोहोंकडे पसरलें, स्कूटर हप्त्यानें मिळूं लागली, आणि सायकल मागें पडली. लोक आळशी झाले, असें पुष्कळ जण म्हणतात. मला वाटतें, हें फार तर अर्धें सत्य आहे. उरलेलें सत्य रस्त्यावर पडलेलें आहे.

वस्तूची गति दुप्पट झाली कीं तिची आघातशक्ति चौपट होते, हें आपण शाळेंत शिकलों आहों. ताशीं ३० किलोमीटरनें येणारी मोटार ६० नें येऊं लागली, तर तिच्या पुढ्यांत सांपडणाऱ्या मुलाचें काय होईल, याचें गणित यावरून करावें. रस्ते रुंद झाले, एकमार्गी झाले. वाहनांस वेग आला. सायकलस्वाराच्या वांट्याला मात्र लांबचा वळसा आणि जिवाची धास्ती आली. मग आई मुलाची सायकल काढून घेते व त्याला स्कूटरवरून शाळेंत पोंचविते. त्यामुळें शाळेच्या दारांत वाहनांची गर्दी आणखी वाढते आणि शेजारणीलाही आपल्या मुलीची सायकल बंद करावी लागते. यांत दोष कोणा एकीचा नाहीं. परंतु पागा रिकामी होते ती अशी.

हा काळाचा ओघ आहे, तो मागें फिरत नाहीं, असें कोणी म्हणेल. त्यास हॉलंडचें उदाहरण सांगावेंसें वाटतें. सायकलींचा तो देश दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींच्या मागें लागला होता. सन १९७१ या एका वर्षांत तेथें रस्त्यावरील अपघातांत ३ हजारांहून अधिक माणसें मेलीं. त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. फिक लांगेनहोफ नांवाच्या पत्रकाराची मुलगी अशाच अपघातांत गेली. 'बालहत्या थांबवा' अशी हांक त्यानें १९७२ सालीं वृत्तपत्रांतून दिली, आणि त्याच नांवाची चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ सालीं तेलाची टंचाई आली, आणि कांहीं रविवारीं मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. मोटारीवांचून रस्ता कसा दिसतो, हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

त्यानंतर सरकारनें हेग व टिलबुर्ग या शहरांत एकेक उत्तम सायकलमार्ग नमुन्यादाखल बांधून पाहिला. हेग येथें दुकानदारांनीं विरोध केला. मार्ग झाले, त्यांवर सायकली आल्याही, परंतु शहरांतील एकंदर सायकलींत म्हणावी तशी वाढ झाली नाहीं. पुढें डेल्फ्ट गांवीं निराळी रीति अवलंबिली. लहानमोठे सर्व मार्ग एकमेकांस जोडून साऱ्या गांवभर त्यांचें जाळें विणलें. तेथें मात्र सायकली वाढल्या. धडा उघड आहे. सायकलमार्ग हा नळासारखा असतो; मधला एक हात तुटका असला, तर बाकीचा नळ कितीही चांगला असो, घागर भरत नाहीं.

आतां पुण्याकडे येऊं. वाहनें नव्हे, तर माणसें इष्टस्थळीं पोंचविणें हें शहराच्या वाहतुकीचें ध्येय असावें, असें केंद्रसरकारच्या २००६ सालच्या धोरणांत सांगितलें आहे. त्याच सुमारास पुण्यांत जलद बसगाड्यांच्या रस्त्यांकडेनें सायकलमार्ग बांधले गेले. २०१७ च्या डिसेंबरांत महानगरपालिकेनें ८०० हून अधिक किलोमीटरांच्या सायकलमार्गांचा आराखडाही मान्य केला. कागदावर उणें कांहीं नव्हतें. पण अशाच एका मार्गानें मी एकदां जात होतों. प्रथम उभ्या मोटारी लागल्या, मग मातीचा ढीग, आणि शेवटीं वळणावर विजेची एक भली मोठी पेटी! तिला चुकवितांना मी रस्त्यावर उतरलों तो पडलोंच. गुडघा बरा झाला. पण घरच्या मंडळींनीं सायकल अडगळींत टाकली.

नव्या मार्गाची गोष्ट निघाली कीं, 'सायकलवाले आहेतच कोठें?' असा प्रश्न येतो. गांवांत वाचणारे नाहींत, म्हणून शाळा नको, असें म्हणण्यासारखेंच हें आहे. शिवाय पाहणाऱ्यास सायकलवाले दिसतातही. पहांटे पेपर टाकणारा मुलगा, रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी, डबा अडकवून निघालेला गवंडी हे आजही पायडल मारीतच जातात. सभेंत येऊन भांडण्यास त्यांना सवड नाहीं, इतकेंच. एका मोटारीच्या जागेंत सुमारें १० सायकली राहतात; तरी जागेचा वाद निघाला कीं दुकानापुढची मोटार जिंकते. म्हणून सायकलमार्गाचा प्रश्न सिमेंटविटांचा नाहीं, वांटणीचा आहे. सार्वजनिक रस्ता कोणास किती द्यावयाचा, हें ठरविण्याचें धैर्य ज्या शहराला होतें, त्यालाच सायकली परत मिळतात.

मी परीक्षक असतों, तर महानगरपालिकेस एकच प्रश्न घातला असता. किती किलोमीटर मार्ग बांधले, हें मीं विचारलें नसतें. दहा वर्षांची मुलगी घरापासून शाळेपर्यंत एकटी सायकलनें जाऊं शकते काय, एवढेंच विचारलें असतें. ज्या दिवशीं याचें उत्तर 'होय' असें येईल, त्या दिवशीं आमच्या शाळेची ती पागा पुन्हां भरेल.