जांबच्या राणूबाई

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगावच्या शिवारापासून जवळच जांब हे गाव आहे. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव. त्यांच्या आई राणूबाई यांची ओळख मात्र बहुधा ‘समर्थांच्या मातोश्री’ एवढ्यावरच थांबते.

राणूबाईंचे पती सूर्याजीपंत ठोसर हे गावचे कुलकर्णी. या दांपत्याला फार दिवस मूल नव्हते. सूर्योपासनेनंतर १६०५ मध्ये गंगाधर आणि १६०८ च्या रामनवमीला नारायण, म्हणजेच पुढचे समर्थ, झाला, असे परंपरा सांगते. १६१५ मध्ये सूर्याजीपंत वारले. दोन्ही मुलांना वाढवण्याचा भार राणूबाईंवर आला. थोरला गंगाधर, म्हणजेच पुढचे ‘श्रेष्ठ’, घरात रुळला. धाकट्याचे लक्ष संसारात लागेना. अंतरपाट धरेपर्यंत नाही म्हणायचे नाही, असे वचन राणूबाईंनी त्याच्याकडून घेतले आणि आसनगावी लग्न ठरवले. वचन अक्षरशः पाळून बारा वर्षांचा नारायण ‘सावधान’ ऐकताच मांडवातून निघून गेला.

तो टाकळीला बारा वर्षे तप करीत होता आणि पुढची बारा वर्षे तीर्थाटनात होता, हे चरित्रे सविस्तर सांगतात. त्या चोवीस वर्षांत राणूबाईंनी जांबचे घर कसे सांभाळले, हे ती जवळजवळ सांगत नाहीत. याच काळात १६३० चा भीषण दुष्काळ पडला, मोगलांनी दौलताबाद घेतले आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. या धामधुमीत मुलगा जिवंत आहे की नाही, हे आईला कळायला मार्ग नव्हता. रडून रडून तिची दृष्टी गेली, असे बखरकार लिहितात. म्हातारपणी मोतीबिंदूनेही दृष्टी जाते. पण बखरीला कारण आईच्या मायेतच हवे होते.

१६४४ च्या सुमारास एक गोसावी दारात येऊन उभा राहिला. राणूबाईंनी सुनेला, पार्वतीबाईंना, भिक्षा घालायला सांगितले. भिक्षा घेऊन जाणाऱ्यांतला हा गोसावी नाही, असे उत्तर आले आणि आवाजावरून त्यांनी आपला नारोबा ओळखला. समर्थांचा हात फिरताच त्यांना दिसू लागले, अशी आख्यायिका आहे. चमत्काराहून बोलका त्यापुढचा प्रसंग आहे. समर्थांनी आईला कपिलगीता सांगितली. भागवताच्या तिसऱ्या स्कंधातला हा भाग कपिलमुनींनी आपल्या आईला, देवहूतीला केलेला उपदेश आहे. घर सोडून गेलेल्या मुलाला आईपुढे बसून सांगायला याहून योग्य ग्रंथ मिळाला नसता.

समर्थ पुन्हा निघाले. राणूबाईंचा दिवस थोरल्या मुलाच्या संसारातच जात राहिला. सांप्रदायिक टिपणांप्रमाणे १६५५ मध्ये त्यांचे जांबलाच निधन झाले आणि त्या वेळी समर्थ जवळ होते.

श्रेष्ठांना रामजी आणि श्यामजी हे दोन मुलगे. समर्थांनी लग्न केले नाही, त्यामुळे राणूबाईंचा वंश या नातवांकडून चालला. समर्थांच्या चाफळ-सज्जनगडच्या गादीवरील अधिकारी स्वामींची परंपराही पुढे याच वंशात गेली. समर्थांचे प्रसिद्ध चरित्रकार हनुमंतस्वामी याच घराण्यातले. राणूबाईंच्या डोळ्यांची आणि दारातल्या गोसाव्याची गोष्ट मराठी वाचकांपर्यंत पोहोचली, ती मुख्यतः त्यांच्या बखरीतून.