मार मार्गशीर्षात, फिट वैशाखात

गळीत हंगामात वालचंदनगर-इंदापूर पट्ट्यात उसाच्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळली, की जखमीच्या घरचे दोनच गोष्टी विचारतात: शुद्धीवर आला का, आणि स्कॅनमध्ये रक्तस्राव आहे का. उत्तरं मनासारखी आली की डोक्याचा विषय मिटला. पाच-सहा महिन्यांनी फिट आलीच, तर दोष उन्हाला, जागरणाला, नाहीतर ‘बाहेरच्या’ला. मधल्या काळात मेंदू शांत होता, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं, आणि चूक नेमकी तिथेच आहे.

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात उंदरांच्या डोक्याला बेतशीर आघात करून, मिशांचा स्पर्श ओळखणाऱ्या मेंदूच्या भागातल्या पेशी किती प्रतिसाद देतात हे मोजलं गेलं. पहिल्या दिवशी बाह्यकाच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाच्या, वरच्या थरांतल्या पेशी मंदावलेल्या होत्या. आठ-दहा आठवड्यांनी मात्र तशाच स्पर्शाला त्या प्रमाणाबाहेर चेतत होत्या. याचं एक कारण म्हणजे इतर पेशींना आवर घालणाऱ्या पेशींची हानी. नीरा कालव्याला पाणी तेवढंच असावं, पण चाऱ्यांची दारं निकामी व्हावीत, तसं हे. स्कॅनमध्ये रक्त आणि हाडाची चीर दिसते, निकामी दारं दिसत नाहीत.

उंदरावरून माणसाचं ठरवायचं का, ही शंका रास्त आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या मिनेसोटातला, 4,541 जखमींचा 1998 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. मेंदूला गंभीर मार बसलेल्यांपैकी पाच वर्षांत सुमारे 10 टक्के लोकांना फिट आल्या. किरकोळ मार लागलेल्यांत हे प्रमाण 0.7 टक्के. तेव्हा उंबऱ्याला डोकं आपटलेल्या प्रत्येकाने धास्ती घ्यायचं कारण नाही.

‘मग आधीपासूनच फिटची गोळी चालू ठेवू’ हाही गैरसमजच. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 404 गंभीर जखमींवर फेनिटॉइन या फिटच्या औषधाची चाचणी झाली. पहिल्या आठवड्यातल्या फिटचं प्रमाण 14 टक्क्यांवरून 4 टक्क्यांखाली आलं, त्यानंतरच्या फिटमध्ये फरक पडला नाही. औषधाने फिट दबते, पेशींमधला बदल थांबत नाही. उशिरा एक जरी फिट आली तरी गणित बदलतं: ती पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते, आणि तेव्हा डॉक्टरांनी दिलेली गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडणं धोक्याचं. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये; कुशीवर वळवावं, आणि दवाखान्यात अपघाताचे जुने कागद न विसरता दाखवावेत.