वाघापलीकडचं आमचं रान

चंद्रपूरच्या घरी सुट्टीत पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला, "ताडोबात वाघ दिसेल ना?" दिसेलही. १९५५ सालापासूनचं राष्ट्रीय उद्यान आहे ते. पण मैत्रिणींनो, फोटोंची हौस असेल तर वाघावरच थांबू नका. आणखी दोन दिवस हाताशी ठेवा आणि आष्टी, आलापल्लीच्या रस्त्यानं गडचिरोलीत उतरा. जपानमध्ये लोक ओकापीसारखा लाजरा प्राणी टिपायला योकोहामाच्या प्राणीसंग्रहालयात जातात म्हणे. आपल्याकडचं दुर्मिळ धन मात्र आपणच पाहत नाही!

अहेरी तालुक्यातल्या कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. पूर्वी लाकडं ओढणारे हे हत्ती. त्यांना २०२२ मध्ये गुजरातला, जामनगरला हलवायची गोष्ट निघाली तेव्हा इथल्या लोकांनी जोरात विरोध केला. कमलापूरचे हत्ती राहिले. ताडोबातले मात्र गेले. तिकडे त्यांची निगा चांगली राहील, असं काही जण म्हणतात, असेल. पण पिढ्यान् पिढ्या ज्या माणसांनी त्यांना न्हाऊमाखू घातलं, त्यांना कुणी विचारायला नको का?

जानेवारीत या हत्तींच्या पायांना वनौषधींचा गरम लेप देतात. त्याला 'चोपिंग' म्हणतात. आपल्या टाचांना भेगा पडल्या तर आपण मेण लावतो ना, तसंच! त्या दिवसांत हत्ती रजेवर असतात, पाहुण्यांना बंदी. म्हणून आधी चौकशी करून निघा.

आलापल्लीहून साधारण ६० किलोमीटरवर हेमलकसा. बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प इथलाच. माडिया लोक पोटासाठी शिकार करत. आई मारली गेलेलं माकडाचं पिल्लू डॉ. प्रकाश आमट्यांनी मागून घेतलं, बदल्यात धान्य द्यायची तयारी दाखवली, आणि तिथून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. बिबटे, अस्वलं, तरस, मगरी तिथे पाहायला मिळतात. मुलांना आधीच बजावा: जाळीत बोट घालायचं नाही, खाऊ टाकायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. चांगल्या फोटोपायी जनावराला डिवचणारी शहाणी माणसं वर्गातल्या व्रात्य पोरांपेक्षा अवघड असतात, हे माझं मत!

कोलामार्काच्या जंगलात रानम्हशी आहेत. महाराष्ट्रात त्या फक्त इथेच उरल्यात, त्याही मोजक्या. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडातही आहेत. गावच्या म्हशींशी संकर आणि त्यांच्यापासून लागणारे रोग, हे त्यांचे मोठे शत्रू. त्यांचा फोटो मिळेल अशी आशा धरू नका. शेकरू मात्र झाडाच्या शेंड्यावर दिसली तर दिसेल. मान वर ठेवा.

सोबत फिकट रंगाचे सुती कपडे, भरपूर पाणी न्या. अत्तर घरीच ठेवा. धुळीपासून कॅमेरा वाचवायला जुन्या उशीचा अभ्रा फार कामाचा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, आणि ताडोबाचा गाभाही तेव्हा बंद असतो. तेव्हा दिवाळीनंतरच बेत आखा.