थांबतो कोण, पुढे जातो कोण

नोव्हेंबर २००६. चीनमधल्या नानजिंग शहरातला एक गजबजलेला बसथांबा. पेंग यू नावाचा तरुण बसमधून उतरला, तेव्हा एक वयस्क बाई खाली पडली. त्याने तिला उठवलं, तिच्या घरच्यांबरोबर दवाखान्यात गेला आणि खिशातले दोनशे युआनही दिले. बाईंचं हाड मोडलं होतं. काही दिवसांनी त्याच बाईंनी त्याच्यावर दावा लावला : मला यानेच धक्का दिला.

पुढच्या वर्षी निकाल लागला. धक्का त्याचाच होता याचा ठोस पुरावा समोर नव्हता. न्यायालयाने मग व्यवहारज्ञानाचा आधार घेतला. दोष नसता, तर एक अनोळखी माणूस दवाखान्यापर्यंत कशाला गेला असता, पैसे कशाला दिले असते, असा त्या युक्तिवादाचा रोख होता. पेंग यूने पंचेचाळीस हजार युआनहून अधिक रक्कम द्यावी, असा आदेश निघाला. धक्का लागला होता हे त्याने नंतर कबूल केल्याचं २०१२मध्ये जाहीर झालं, पण तोवर लोकांनी घ्यायचा तो धडा घेतला होता. पडलेल्या माणसाला उचलाल तर स्वतःच अडकाल.

ऑक्टोबर २०११मध्ये फोशान शहरातल्या बाजारपेठेत दोन वर्षांच्या एका मुलीच्या अंगावरून लागोपाठ दोन गाड्या गेल्या. सीसीटीव्हीत दिसलं की अठरा जण तिच्या बाजूने निघून गेले. एकोणिसावी बाई भंगार गोळा करणारी होती. तिने मुलीला रस्त्याच्या कडेला नेलं आणि आईला शोधलं. मुलगी वाचली नाही. त्या अठरा जणांवर जगभरातून टीकेची झोड उठली.

ते अठरा जण दुष्टच होते का? आपल्याकडे अशा वेळी ‘माणुसकी राहिली नाही’ हे वाक्य ठरलेलं असतं. जो मदत करतो त्याच्यावरचे संस्कार चांगले, जो करत नाही त्याचे वाईट, असा हा सोपा हिशेब आहे. मानसशास्त्रज्ञांनी तो तपासायला घेतला, तेव्हा काही जुळलं नाही.

जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी १९७३मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी ओळखला जातो. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथे धर्मगुरू होण्यासाठी शिकणारे चाळीस विद्यार्थी त्यांनी निवडले. प्रत्येकाला शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचं होतं. काहींचा विषय होता बायबलमधला चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाची सेवा करणाऱ्या वाटसरूची गोष्ट. उरलेल्यांना नोकरीच्या संधींवर बोलायचं होतं. दोन इमारतींमधल्या बोळात, एका दाराशी, एक माणूस मान टाकून बसवला होता. विद्यार्थी जवळून जाताना तो खोकायचा आणि कण्हायचा.

निघताना कोणाला सांगितलं होतं की भरपूर वेळ आहे, कोणाला की वेळेत पोचाल, तर कोणाला की तुम्हाला आधीच उशीर झालाय. सवडीने निघालेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले, उशीर झालेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता आहे, याने लक्षणीय फरक पडला नाही. शोमरोन्याच्या दाखल्यावर बोलायला निघालेले काही विद्यार्थी तर त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले.

घाईसारखीच गर्दीही वागणं बदलते. मार्च १९६४मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला. अडतीस शेजारी नुसतं बघत राहिले, अशी बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर छापली. ती बरीच फुगवलेली होती. बहुतेकांना नेमकं काय चाललंय हे दिसलंच नव्हतं, आणि एक शेजारीण धावत जाऊन किटीजवळ शेवटपर्यंत बसली होती. पण त्या बातमीमुळे डार्ली आणि बिब लताने यांनी १९६८मध्ये एक प्रयोग केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले विद्यार्थी इंटरकॉमवरून बोलत होते. त्यातल्या एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला गेला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्क्यांनी वेळेत जाऊन कळवलं. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. दुसरा कोणीतरी करेल, असं प्रत्येकालाच वाटलं.

पण म्हणजे गर्दीत माणुसकी मरते असंही नाही. ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी अलीकडे तपासलं. दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एक तरी माणूस मध्ये पडला होता. बघे जास्त, तर कोणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त होती.

भारतात यात तिसरी गोष्ट मिसळते, ती म्हणजे भीती. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे इथल्या प्रत्येकाने घरात ऐकलेलं असतं. जखमीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं की पुढे जबाब, पंचनामा, साक्षीचे समन्स, हेलपाटे हे सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं. दवाखानेही ‘पोलीस केस’ म्हटलं की हात झटकायचे. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवल्यावर जवळच्या रुग्णालयाने त्याला वीस किलोमीटर दूर पाठवलं आणि वाटेतच तो गेला. या बातमीवरून परमानंद कटारा यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये निकाल दिला : आधी उपचार, कायदेशीर सोपस्कार नंतर.

तरी उचलून आणणाऱ्याची भीती गेली नाही. पीयूष तिवारी यांच्या नात्यातला एक शाळकरी मुलगा २००७मध्ये दिल्लीत अपघातानंतर रस्त्यावरच पडून राहिला आणि दगावला. तिवारी यांनी पुढच्या वर्षी ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ सुरू केलं. या संस्थेने २०१३मध्ये देशभरात पाहणी केली. अपघातग्रस्ताला मदत करण्याची शक्यता कमी, असं ७४ टक्के लोक म्हणाले, आणि त्यातल्या ८८ टक्क्यांनी पोलीस आणि कोर्टकचेरीचा ससेमिरा हे कारण दिलं. संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचना मार्च २०१६मध्ये न्यायालयाने देशभर बंधनकारक केल्या. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, आणि पुढच्या वर्षी त्याचे नियम.

आता अपघातग्रस्ताला दवाखान्यात पोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. मदत करताना चूक झाली तरी त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. तो स्वखुशीने साक्षीदार झाला, तर पोलिसांनी त्याच्या सोयीच्या जागी जाऊन जबाब घ्यायचा. रुग्णालयांनी हे हक्क हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत प्रवेशद्वाराशी लावायचे आहेत. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्या आकड्यासमोर या फलकाचं मोल कळतं.

सरकारने याच्या पुढचं पाऊलही टाकलं. जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात नेणाऱ्याला २०२१पासून पाच हजार रुपये बक्षीस मिळू लागलं. आता ‘राहवीर’ योजनेत ते पंचवीस हजार झालं आहे. गंमत अशी की कायदा नाव लपवायची मुभा देतो, पण बक्षीस हवं तर नाव आणि बँक खात्याचा तपशील द्यावा लागतो.

पैशासाठी केलेली मदत नैतिक म्हणायची का, हा वाद जुना आहे. इमॅन्युएल कांट यांनी १७८५मध्ये एका दुकानदाराचं उदाहरण दिलं. तो अजाण गिऱ्हाइकालाही फसवत नाही, पण ते धंद्याचं नाव राखण्यासाठी. त्याचं वागणं योग्य आहे, पण त्याला नैतिक मोल नाही, असं कांट म्हणतात. जॉन स्टुअर्ट मिल यांचं म्हणणं वेगळं. बुडणाऱ्याला वाचवणारा कर्तव्य म्हणून उडी मारो की मोबदल्याच्या आशेने, कृती योग्यच. हेतूवरून फार तर माणसाची पारख होते.

जखमीच्या बाजूने पाहिलं तर मिल यांना मत द्यावंसं वाटतं. पण पैसा हेतूलाच हात घालू शकतो, हे इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत दिसलं. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दहा शेकेल दंड लावला, तर उशिरा येणाऱ्यांची संख्या जवळपास दुप्पट झाली. आधी शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. आता दहा शेकेल मोजले की हिशेब संपत होता. दंड काढून घेतल्यावरही जुनी सवय परतली नाही. दंड आणि बक्षीस एक नव्हे, पण माणुसकीच्या कामाला किंमत चिकटवताना ‘राहवीर’ योजनेनेही हे लक्षात ठेवायला हवं.

परिस्थितीचा जोर एवढा असेल, तर न थांबणाऱ्याला दोष तरी कसा द्यायचा? कारण सापडलं म्हणजे माफी मिळाली असं होत नाही. प्रिन्स्टनच्या बोळात उशीर झालेल्यांपैकीही दहात एक थांबला. फोशानच्या त्या बाईलाही पेंग यूसारखं अडकण्याची शक्यता होतीच. अशा थांबण्याला मोल आहे, कारण न थांबण्याची सगळी कारणं तिथे हजर होती. मात्र ती कारणं निर्माण करणारे न्यायालय, ठाणं आणि रुग्णालयही तेवढेच जबाबदार ठरतात. चांगुलपणा एवढा महाग का झाला, याचं उत्तर त्यांनी द्यायचं आहे.

तो स्वस्त करण्याचा एक मार्ग म्हणजे प्रशिक्षण. गुन्हा घडताना मध्ये पडलेल्या बत्तीस अमेरिकनांचा १९८१मध्ये अभ्यास झाला. इतरांपेक्षा ते अधिक परोपकारी निघाले नाहीत. ते अंगाने थोराड होते, आणि त्यांच्यातल्या अधिक जणांनी प्रथमोपचारासारखं काही शिकून घेतलेलं होतं. काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. जर्मनीत वाहन परवान्यासाठी प्रथमोपचाराचं शिक्षण सक्तीचं आहे, आणि शक्य असून मदत न करणं हा तिथे गुन्हा आहे.

भारतात तशी सक्ती अपघातात सापडलेल्या वाहनाच्या चालकावर आहे. कलम १३४नुसार जखमीला उपचार मिळवून देण्याची जबाबदारी त्याची. बाजूने जाणाऱ्याला हा नियम लागू नाही. त्याने १०८ किंवा ११२ फिरवला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबला, तर त्याला अडकवण्याचा अधिकार आता कोणाला नाही, एवढं त्याला माहीत असायला हवं.