बक्षीस मिळाले, पुढे काय?

लोणावळ्याला जाणारे पर्यटक नांगरगावच्या औद्योगिक वसाहतीत सहसा जात नाहीत. चिक्कीची दुकाने, भुशी धरण, राजमाचीची वाट या यादीत तिचे नाव नसते. मार्च २०२० मध्ये मात्र या वसाहतीतल्या एका कारखान्याकडे साऱ्या देशाचे लक्ष लागले. मायलॅब डिस्कव्हरी सोल्युशन्स या पुण्याच्या कंपनीने करोनाच्या आरटी-पीसीआर तपासणीचा देशी संच तयार केला, २३ मार्चच्या सुमारास त्याला मंजुरी मिळाली आणि लोणावळ्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. परदेशी संचावर एका तपासणीमागे साडेचार हजार रुपये जात; हा संच बाराशेत ते काम करत होता. संशोधन विभागाच्या प्रमुख मिनल दाखवे-भोसले यांनी बाळंतपणाच्या आदल्या दिवशी हा संच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे पडताळणीसाठी सोपवला, ही हकिगत तेव्हा घरोघरी पोचली होती.

संच सहा आठवड्यांत झाला, हेही सर्वांच्या लक्षात राहिले. त्या सहा आठवड्यांआधीची वर्षे मात्र फारशी कोणी मोजली नाहीत. ही कंपनी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासणीचे संच आधीपासून बनवत होती. रक्तातला विषाणूचा अगदी थोडा जनुकीय अंश शोधायचा, त्याच्या लाखो प्रती करायच्या आणि त्या ओळखायच्या, हे तंत्र तिच्या हातात बसलेले होते. विकरे कुठून आणायची, ती थंड कशी ठेवायची, परवान्यासाठी कोणते कागद लागतात, एका घाणीतला संच दुसऱ्या घाणीतल्या संचासारखाच निघतो हे कसे दाखवायचे, हे सगळे ठाऊक होते. चिनी शास्त्रज्ञांनी नव्या विषाणूचा जनुकीय आराखडा जानेवारीत जाहीर केला, तेव्हा बदलायचा भाग त्या मानाने थोडा उरला होता.

हा संच काही कुठल्या विद्यापीठाच्या उद्योजकता केंद्रातून निघालेला नाही. तरीही विद्यार्थी-उद्योजकांना विद्यापीठांनी काय द्यायला हवे, याचे उत्तर शोधायला हे उदाहरण उपयोगी पडते. कल्पना आणि मंजूर झालेली वस्तू यांच्यामध्ये जे असते, ते या कंपनीकडे तयार होते. आपल्या महाविद्यालयांत नेमके तेच नसते.

मावळ तालुक्यात महाविद्यालयांची वाण नाही. तळेगाव, आंबी, वडगाव, कुसगाव या पट्ट्यात अभियांत्रिकीची मुले हजारोंनी शिकतात. दरवर्षी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत आरोग्याचे प्रकल्प हमखास असतात. सलाईनची बाटली संपत आली की वाजणारा खटका, बोटाला लावून नाडी आणि ऑक्सिजन सांगणारी पट्टी, आजोबांना गोळीची आठवण करून देणारी डबी. कुठल्याशा स्पर्धेत त्याला बक्षीस मिळते, गावच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो फिरतो, परीक्षा होते, मुले नोकरीला हिंजवडीला जातात आणि यंत्र विभागाच्या कपाटात जाते. मुलांत हुशारी कमी असते म्हणून असे होत नाही. पहिला अडथळा त्यांच्या कल्पनेच्या आधीच उभा असतो.

तळेगावात वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयेही आहेत. अंतर रिक्षाने जाण्याइतके. पण वैद्यकीयची मुले नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, आणि अभियांत्रिकीची बरीचशी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. आरोग्य विद्यापीठ १९९८ मध्ये वेगळे झाले ते योग्य कारणांसाठी. वैद्यकीय परीक्षा आणि अभ्यासक्रम एका छताखाली आले. पण त्यामुळे एकाच गावातली ही मुले दोन वेगळ्या वेळापत्रकांत, दोन वेगळ्या नियमावल्यांत आणि दोन वेगळ्या नवोपक्रम केंद्रांच्या अखत्यारीत गेली. अभियंत्याला वॉर्डात रात्रपाळीची परिचारिका काय काय करते ते दिसत नाही आणि परिचारिकेला काय खुपते ते विचारायला कोणी येत नाही. सलाईनच्या खटक्याचेच घ्या. तो दरवर्षी कोणीतरी नव्याने बनवतो. वॉर्डात चाळीस खाटांचे चाळीस खटके वाजू लागले तर त्यातला खरा कोणता, हा प्रश्न मात्र वॉर्डात एक रात्र काढल्याशिवाय सुचत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ ने आपल्या कक्षेतल्या विद्यापीठांत नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी स्वतंत्र व्यवस्थेची तरतूद केली. त्यातला ‘साहचर्य’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नाशिकच्या आणि पुण्याच्या विद्यापीठांचे साहचर्य तळेगावच्या बाह्यरुग्ण विभागात झाले, तर त्याचा उपयोग.

दुसरा अडथळा अचूकतेचा. ‘आमचे यंत्र ९० टक्के अचूक आहे’ असे प्रकल्पाच्या फलकावर लिहिलेले असते आणि परीक्षकही मान डोलावतात. समजा, एखादा आजार शंभरात एकाला आहे आणि गावातल्या हजार जणांना हे यंत्र लावले. खरे आजारी दहा. त्यांतले नऊ यंत्राने पकडले. उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी दहा टक्के, म्हणजे ९९ जणांना यंत्राने चुकून आजारी ठरवले. एकूण १०८ जणांना ‘आजार आहे’ असे कळले, त्यांत खरे नऊच. बाकीचे ९९ जण रोजगार बुडवून अंदर मावळातून किंवा पवन मावळातून एसटीने तालुक्याला येणार, रक्त देणार, रात्रभर काळजी करणार. आणि ज्या एकाला यंत्राने निरोगी म्हटले, तो निर्धास्त घरी बसणार. हेच यंत्र, ज्यांच्यात निम्मे लोक आजारी आहेत अशा रुग्णालयातल्या गटावर तपासले, तर फार चांगले दिसते. म्हणून यंत्र किती अचूक, या प्रश्नाआधी ते कोणावर तपासले हे विचारावे लागते. महाविद्यालयात ते बहुधा वर्गातल्या वीस निरोगी मित्रांवर तपासलेले असते.

मोठ्या कंपन्यांची यंत्रेही यातून सुटलेली नाहीत. करोनाच्या काळात घराघरात पोचलेला पल्स ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश पाठवतो आणि किती प्रकाश शोषला गेला यावरून ऑक्सिजनचा अंदाज बांधतो. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये दाखवून दिले, की रक्तातला ऑक्सिजन धोकादायक पातळीला उतरलेला असूनही यंत्र तो ठीक दाखवते, असे कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा घडले. त्वचेतले रंगद्रव्यही प्रकाश शोषते, आणि यंत्र कोणाच्या बोटांवर घडवले यावर त्याचा निकाल अवलंबून राहतो. दिवसभर उन्हात भातलावणी केलेल्या हातांवर, चिखलाने काळवंडलेल्या नखांवर आपले यंत्र काय सांगेल, हे मावळातल्या मुलांइतके जवळून तपासायची सोय पवईच्या किंवा बंगळूरच्या मुलांना नाही.

तिसरा अडथळा कायद्याचा, आणि याची कल्पना बहुतेकांना उशिरा येते. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत, आणि एप्रिल २०२० पासून जवळपास सगळी वैद्यकीय उपकरणे त्यांच्या कक्षेत आली. त्यात रोगनिदानाचे सॉफ्टवेअरही आले, म्हणजे मोबाइलवरचे ॲपसुद्धा. धोक्यानुसार अ, ब, क, ड असे चार वर्ग आहेत. कमी धोक्याच्या अ आणि ब वर्गातल्या उपकरणांच्या उत्पादनाचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. क आणि ड वर्गासाठी दिल्लीच्या केंद्रीय औषध नियंत्रकांकडे जावे लागते. केवळ चाचणीसाठी थोडी उपकरणे बनवायची, तरी वेगळा परवाना लागतो. रुग्णावर वापरण्याआधी नीतिमत्ता समितीची संमती हवी आणि रुग्णाला समजेल अशा मराठीत लिहिलेले संमतिपत्र हवे. हे नियम जाचक वाटतात. पण चुकीचा आकडा दाखवणारे यंत्र आणि भेसळीचे औषध यांत रुग्णाच्या दृष्टीने फरक नसतो, त्यामुळे त्यांत सूट मागण्यात अर्थ नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना हे कागद एकट्याने भरायला लावणे मात्र अन्यायाचे आहे. महाविद्यालयाच्या उद्योजकता कक्षात प्रेरणादायी व्याख्याने देणारे पुष्कळ येतात. हे अर्ज भरून देणारा एक माणूस पगारावर ठेवलेला क्वचित दिसतो.

पेटंटचेही तसेच. शोध आधी प्रदर्शनात मांडला किंवा वर्तमानपत्रात छापून आणला, तर तो ‘नवा’ राहत नाही आणि पेटंट हातचे जाऊ शकते. सरकारने खास अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना तेवढी सवलत आहे. महाविद्यालयाच्या तंत्रमहोत्सवाला नाही. त्याआधी तात्पुरता अर्ज दाखल केला, तर पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलतही आहे. म्हणजे आता पैशाची अडचण फारशी नाही. मुलांना हे महोत्सवाच्या आधी कोणी सांगत नाही, ही आहे.

धोरणे कागदावर चांगली आहेत. केंद्राच्या शिक्षण खात्याच्या २०१९ च्या नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणानुसार विद्यार्थ्याला उद्योगासाठी सत्रातून सुटी घेता येते, त्या कामाचे श्रेयांक मिळू शकतात, आणि संस्थेने सोयीसुविधा दिल्या तर ती कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते. जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणारी ‘बायरॅक’ ही संस्था कल्पना सिद्ध करण्यासाठी १८ महिन्यांकरता ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून चालणारे व्हेंचर सेंटर अशा नवउद्योगांना प्रयोगशाळा, उपकरणे आणि परवान्यांबाबत सल्ला देते. आयआयटी मुंबईत राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या निधीतून ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र उभे राहिले. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नागपूरची विश्वेश्वरय्या संस्था त्याच्या शाखा झाल्या. तिथे डॉक्टर आणि अभियंते एका टेबलाशी बसतात. साध्या स्टेथोस्कोपला जोडून छातीतला आवाज मोठा करणारे आणि दूरवर पाठवणारे उपकरण तिथल्या तरुणांनी बनवले, ते २०२० मध्ये संरक्षक पोशाखातल्या डॉक्टरांच्या कामी आले. अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि ती तिथेच घडली जिथे मधल्या रस्त्याची व्यवस्था आधी केली गेली.

मावळाला हा विचार नवा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत, अशी मोहीम चालवली. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले. त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. जपानला जाऊन हे शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाती त्याचे तांत्रिक काम होते. कारखाना आणि शाळा तिथे एकच होती. मुले भट्टीसमोर उभी राहून काच फुंकायला शिकली, आणि शिकलेले कारागीर पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेले. आजच्या भाषेत त्याला इनक्युबेटर म्हणता येईल. फरक इतकाच, की तिथे पेटती भट्टी होती. आजच्या अनेक केंद्रांत रंगीत खुर्च्या आणि वायफाय असते.

रस्त्याचा शेवटचा टप्पा विक्रीचा. सगळे कागद पूर्ण झाले तरी यंत्र विकत कोण घेणार? प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी मनाला येईल ते यंत्र घेऊ शकत नाही. खरेदी निविदेने होते आणि निविदेत सहसा मागच्या काही वर्षांची उलाढाल आणि पुरवठ्याचा अनुभव विचारतात. पहिलेच यंत्र विकणाऱ्याकडे अनुभव कुठून असणार? नवउद्योगांना या अटींतून सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. राज्याच्या नावीन्यता सोसायटीने २०१८ पासून स्टार्टअप सप्ताहातून २४ नवउद्योग निवडून सरकारी खात्यांत काम करून दाखवण्यासाठी १५ लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश देण्याची प्रथाही सुरू केली.

अशा एखाद्या कार्यादेशाची जागा मावळातले आरोग्य केंद्र असायला हरकत नाही. जून ते सप्टेंबर तिथे जी दमट हवा असते, तिच्यात यंत्राचे सर्किट टिकते का ते कळेल. वीज गेल्यावर बॅटरी किती तास पुरते, आशाताईंना पडद्यावरचा आकडा चष्म्याशिवाय वाचता येतो का, आणि बिघडल्यावर फोन कोणाला करायचा, हेही त्याच चार महिन्यांत समजेल.